लांब गुलाबी पायांचा पक्षी ओळखायचाय, आणि त्याच्याबरोबर फिरणारा तो तपकिरी कोण?

ओलीमाती
मंडळी मदत हवीये. परवा पहाटे एका पाणथळ जागी गेले होते, पाणी फार नाही, आपल्या घोट्याएवढं असेल नसेल, मधे मधे चिखलाचे उंचवटे वर आलेले आणि कडेला गवत. तिथे सात-आठ काळेपांढरे पक्षी चरत होते. पोट, मान पांढरी शुभ्र, पंख काळे, चोच काळी सरळ सुईसारखी, आणि पाय! इतके लांब आणि इतके गुलाबी पाय मी आधी कुठल्याच पक्ष्याचे पाहिले नव्हते. मी आधी करकोच्याचं पिल्लू समजले पण अंगाने अगदीच लहान वाटले, कबुतराएवढं धड असेल.
पण माझा खरा प्रश्न पुढे आहे. त्यांच्यातच एक वेगळा होता. पाठ तपकिरी, पिसांना फिकट कडा असल्यामुळे खवल्यांसारखी दिसत होती, डोकं मळकट, आणि पाय गुलाबी म्हणावे तर नाहीत, लाल म्हणावे तर नाहीत, राखाडीत थोडा गुलाबी कालवल्यासारखे. चोचीला चिखल लागलेला त्यामुळे रंग नीट कळला नाही. तो बाकीच्यांच्या जवळच होता, पण चरताना जरा बाजूला बाजूला.
दोन फोटो देतेय. पहिला गटाचा, दुसरा त्या तपकिरीचा. लांबून काढलेत, झूम पुरला नाही. हे दोन वेगवेगळे पक्षी आहेत का?

चिखलवाट
पहिला फोटो एकदम सोपा, शेकाट्या. ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट. त्या पायांमुळे दुसरा कोणी असूच शकत नाही. शरीराच्या मानाने इतके लांब पाय पक्ष्यांमध्ये रोहित (फ्लेमिंगो) सोडला तर कुणाचेच नाहीत असं मानतात. चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी ३५ ते ४० सेंमी पण वजन जेमतेम २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणून तुम्हाला धड लहान वाटलं ते बरोबरच आहे. करकोचा याच्यापुढे फार मोठा पक्षी.
दुसऱ्या फोटोबद्दल लगेच बोलत नाही, उडतानाचा आहे का एखादा?

रानवेडा
ओलीमाती ताई, दुसरा रेडशँक वाटतोय मला. तपकिरी पाठ, लालसर पाय, सरळ चोच, चिखलात चरणं, सगळं जुळतंय. रेडशँक बऱ्याचदा शेकाट्यांच्या आसपास दिसतात, दोघांनाही उथळ पाणी आवडतं. आणि पायाचा रंग मळकट दिसतोय तो चिखलामुळे, धुतले की लाल निघतील.

गवतफूल
मला मार्श सँडपायपर वाटला. बारीक सुईसारखी चोच आणि लांब पाय. पण त्याचे पाय हिरवट असतात ना? मग गोंधळ आहे.

ओलीमाती
उडतानाचा एक आहे पण हललेला आहे, तरी टाकते. तो उडाला तेव्हा पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ दिसली मला, अगदी स्पष्ट. आणि पाठीवर मधोमध पांढरं होतं, कमरेपासून वर टोकदार होत गेलेलं.

रानवेडा
मग झालं की! पंखाच्या मागच्या कडेला पांढरं आणि पाठीवर पांढरा त्रिकोण, ही रेडशँकची सगळ्यात ठळक खूण आहे. उडाला की हे दोन पाहायचे असं मी शिकलोय. शेकाट्याचा पंख तर वरून पूर्ण काळा असतो, त्याला पांढरी कड नसतेच. रेडशँक नक्की.

दुर्बीणवाला
रानवेडा, तुमचं निरीक्षण चुकीचं नाही, पण एक गोष्ट राहतेय. मोठ्या शेकाट्याचा पंख पूर्ण काळा हे खरं. पण त्याच वर्षीच्या पिल्लाच्या, म्हणजे उडायला लागलेल्या पोराच्या पंखाला मागच्या कडेने बारीक पांढरी किनार असते. आणि पाठीवरचं टोकदार पांढरं रेडशँकलाही असतं आणि शेकाट्यालाही असतं, लहान असो की मोठा. म्हणजे तुम्ही ज्या दोन खुणांवर निकाल देताय त्या दोन्ही खुणा दोघांतही आहेत. नेमक्या याच जागी बरेच जण फसतात, मी स्वतः दोन सीझन फसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
रेडशँकच्या पंखावर जे पांढरं असतं तो रुंद पट्टा असतो, मागचा जवळजवळ अर्धा पंख पांढरा वाटावा इतका रुंद. उडताना लांबूनही चमकतो. शेकाट्याच्या पिल्लाची किनार म्हणजे धोतराच्या काठासारखी बारीक, फक्त पिसांची टोकं पांढरी. ताईंनी "रेघ" हा शब्द वापरलाय, "पट्टा" नाही. तो शब्द मला महत्त्वाचा वाटतो.
दुसरं, पंख खालून कसा आहे? रेडशँकचा खालून पांढरा. शेकाट्याचा खालून काळपट, पिल्लाचासुद्धा. ताईंचा फोटो हललेला आहे पण उजवा पंख वर गेलेला दिसतोय आणि तो खालून गडद आहे. सावली असू शकते, म्हणून एवढ्यावर मी पैज लावणार नाही.
तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं, पाय शेपटीच्या किती मागे येतात. रेडशँक उडाला की फक्त पावलं शेपटीच्या बाहेर येतात, बोटं दिसतात तेवढीच. शेकाट्या उडाला की पायांची लांबलचक दोरी मागे लोंबते, शेपटीच्या पुढे १४-१५ सेंमी तरी, म्हणजे शरीराच्या जवळजवळ निम्म्याएवढी. हे वयाने बदलत नाही, उन्हाने बदलत नाही, चिखलाने बदलत नाही. ताई, मूळ मोठा फोटो तुमच्याकडे असेल तर तिथे शेपटीच्या मागे काय दिसतंय ते बघून सांगा, इथे चढवताना तो बारीक झालाय.

ओलीमाती
काका, बघितला. मोठा करून बघितला. शेपटी फिकट राखाडी आहे, त्यावर काही नक्षी दिसत नाही, आणि तिच्या मागे पाय आहेत, खूप लांब आहेत. शेपटीच्या दीडपट तरी असतील. मी आधी तो गवताचा तुकडा समजत होते.

दुर्बीणवाला
मग शेकाट्याचं पोर आहे. आणि शेपटीचं तुम्ही न विचारता सांगितलंत ते फार छान केलंत, रेडशँकच्या शेपटीवर आडव्या काळ्या रेघा असतात, शेकाट्याची साधी फिकट राखाडी.

रानवेडा
मान्य काका. शेपटीचं आणि पंखाच्या खालच्या बाजूचं मला माहीतच नव्हतं. मी आजवर ज्यांना रेडशँक म्हणून नोंदवलंय त्यातले काही परत तपासावे लागणार, जुने फोटो काढून बसतो आज. चोचीवरून काही सांगता येईल का? समजा पक्षी उडालाच नाही, नुसता उभा आहे, तर?

दुर्बीणवाला
येईल. रेडशँकची चोच डोक्यापेक्षा थोडीशी लांब, मुळाशी जाड आणि मुळाशी लाल. शेकाट्याची डोक्याच्या दीडपटीहून लांब, ६ सेंमीच्या आसपास, मुळापासूनच बारीक. चिखल लागला की रंग जातो, जाडी जात नाही. शिवाय पाण्यात उभा असेल तर पाय कुठवर बुडालेत हे शेजारच्या मोठ्या शेकाट्याशी ताडून बघायचं. तेवढ्याच पाण्यात रेडशँकचं पोट टेकायला आलं असतं.
गवतफूल, मार्श सँडपायपरची चोच खरंच सुईसारखी असते, त्यामुळे तुमची शंका योग्य दिशेची होती. तो आकाराने २२ ते २६ सेंमी, म्हणजे शेकाट्यापेक्षा बराच लहान, कपाळ आणि चेहरा गोरटेला, पाय हिरवट-पिवळट. त्याच्या पंखावर पांढरं काहीच नसतं, पाठीवर मात्र लांब पांढरी पाचर असते. सडपातळ बांधा, बारीक चोच आणि लांब पाय यामुळे लांबून तो छोट्या शेकाट्यासारखाच भासतो.

गवतफूल
धन्यवाद काका. म्हणजे पाचर तिघांनाही आहे! मग पाठीवरच्या पांढऱ्यावरून काहीच ठरत नाही की.

चिखलवाट
ग्रीनशँकलाही आहे, म्हणजे चौघांना. पाठीवरच्या पांढऱ्याने फक्त यादी थोडी लहान होते, नाव ठरत नाही. मी नवीन लोकांना सांगतो की पाणपक्ष्यात आधी चोच बघा, मग पाय आणि शरीर यांचं प्रमाण बघा, मग चालणं, आणि रंग सगळ्यात शेवटी. कारण रंग ऋतूप्रमाणे बदलतो, वयाप्रमाणे बदलतो, सकाळच्या तिरप्या उन्हात तर पांढरा पक्षीपण पिवळा दिसतो.

पहाटपाखरू
मी मधे बोलतो, पण पहिल्या फोटोकडे कुणी नीट पाहिलंय का? डावीकडून तिसरा जो आहे त्याच्या डोक्याच्या मागे आणि मानेवर काळं आहे. बाकीच्यांची डोकी पांढरी. हा पाइड स्टिल्ट असू शकतो का? तो ऑस्ट्रेलियाकडचा, त्याच्या मानेच्या मागे काळा पट्टा असतो. तसं असेल तर ही फार मोठी नोंद आहे.

चिखलवाट
तुमचा उत्साह समजतो पण मला तो साधा शेकाट्याच वाटतो. शेकाट्याच्या डोक्याचा रंग म्हणजे नुसता घोळ असतो. कुणाचं डोकं पूर्ण पांढरं, कुणाच्या डोक्यावर राखाडी टोपी, कुणाच्या डोळ्याभोवती काळं, कुणाच्या मानेवर मळकट छटा. नरातही असतं, मादीतही असतं. एकाच गटात पाच पक्षी असले तर पाच डोकी वेगळी दिसतात.

पहाटपाखरू
पण मग पाइड स्टिल्ट वेगळा ओळखतात कसा? काहीतरी फरक असणारच ना, नाहीतर वेगळी जात कशाला करतील.

दुर्बीणवाला
फरक आहे. पाइड स्टिल्टचा चेहरा, कपाळ आणि डोक्याचा माथा स्वच्छ पांढरा असतो आणि काळं फक्त मानेच्या मागच्या बाजूला, तेही ठळक, कडा स्पष्ट असलेलं, पुसटलेलं नाही. त्या काळ्याच्या खाली, पाठीचा काळा सुरू होण्याआधी, मधे पांढरी पट्टी असते. म्हणजे काळं, पांढरं, परत काळं. ताईंच्या फोटोतल्या पक्ष्याचा माथाही मळकट आहे, डोळ्याच्या मागेही राखाडी आहे आणि ते सगळं हळूहळू विरत जातं. म्हणून शेकाट्याच.
अमेरिकेत आढळणारा ब्लॅक-नेक्ड स्टिल्ट अजून वेगळा, त्याचा माथा आणि मानेची मागची बाजू सलग काळी, ती थेट पाठीला जाऊन मिळते आणि डोळ्याच्या वर पांढरा ठिपका असतो. न्यूझीलंडमध्ये तर पूर्ण काळा स्टिल्ट आहे, तिथले लोक त्याला काकी म्हणतात, आणि तो जगातल्या सगळ्यात दुर्मिळ चिखलपक्ष्यांपैकी एक आहे. पूर्वी यातल्या बऱ्याच जणांना एकाच जातीचे प्रकार मानायचे, त्यावर तज्ज्ञांत अजूनही एकमत नाही. लिनियसने १७५८ मध्ये आपल्या शेकाट्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला टिटवी-चिखल्यांच्या गटात घातलं होतं. आता तो उचाट्याबरोबर एका कुळात आहे.

पहाटपाखरू
ठीक आहे काका, पटलं. मधली पांढरी पट्टी हे लक्षात ठेवतो. मी डोक्याच्या मागचं काळं दिसलं आणि तिथेच थांबलो.

गवतफूल
उचाट्या म्हणजे वर वळलेल्या चोचीचा ना? तो आणि शेकाट्या लांबून सारखेच दिसतात मला, दोघंही काळेपांढरे.

चिखलवाट
चोच दिसली तर प्रश्नच नाही, उचाट्याची टोकाला आकाशाकडे वळलेली. चोच दिसत नसेल तर पाय बघ, उचाट्याचे निळसर राखाडी. आणि तेही दिसत नसेल तर खातो कसा ते बघ. उचाट्या मान खाली घालून चोच डावीकडे उजवीकडे अशी फिरवतो, विळ्याने गवत कापावं तशी. शेकाट्या एक एक पाऊल उचलून टाकत चालतो आणि पाण्याच्या वरच्या वर टिपतो, किडे, अळ्या, छोट्या गोगलगायी, बेडकांची पिल्लं. कधीकधी तोही चोच फिरवतो, पण कमी. उचाट्याला बोटांमध्ये पडदे असतात त्यामुळे पाणी खोल झालं तर तो सरळ पोहायला लागतो, शेकाट्या पोहतो पण अगदी नाइलाज झाला तर.

रानवेडा
पाऊलखुणेवरून काही कळेल का? मी असं वाचलंय की शेकाट्याला मागचं बोट नसतं. चिखलात तीनच बोटं उमटली तर शेकाट्या, चार उमटली तर रेडशँक, असं चालेल का?

दुर्बीणवाला
मागचं बोट नसतं हे बरोबर. पण उलट्या बाजूने अडचण आहे. रेडशँकचं मागचं बोट छोटं असतं आणि वर चढलेलं असतं, घट्ट चिखलात ते उमटतंच असं नाही. म्हणजे मागच्या बोटाची खूण दिसली तर तो शेकाट्या नाही हे नक्की. न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. चांगला जवळचा फोटो असेल तर पायावरच बघा, तिथे मात्र ते लगेच दिसतं.

ओलीमाती
इतकं काही शिकायला मिळतंय, मला वाटलं होतं दोन ओळींत उत्तर येईल. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गटातल्या दोघांची पाठ काळी नव्हती, चॉकलेटी होती, पंख मात्र काळे. तीही पोरंच का? दोन, त्यांचे गुडघे उलटे वाकतात, चालताना फार विचित्र वाटतं बघायला, असं का?

चिखलवाट
चॉकलेटी पाठ आणि काळे पंख म्हणजे माद्या. नराची पाठ पंखांसारखीच काळी, त्यावर उन्हात हिरवट झाक येते. मादीची पाठ तपकिरी, त्यामुळे पाठ आणि पंख यांच्यात रंगाची सीमा दिसते. पोराच्या पिसांना फिकट कडा असतात, मादीच्या नाहीत. एवढा फरक पुरे. डोक्यावरून नर-मादी ठरवू नका, वर चर्चा झालीच आहे.

दुर्बीणवाला
गुडघ्याचं सांगतो कारण मला हा विषय फार आवडतो. जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याच्या खाली जी लांब गुलाबी काठी दिसते ती म्हणजे पावलाचीच हाडं, जुळून एक झालेली. थोडक्यात पक्षी सतत चवड्यावर उभा असतो. शेकाट्यात ही पावलाची काठी आणि तिच्या वरची नडगी दोन्ही ताणून लांब झाल्यात, आणि नडगीचा खालचा भाग पिसांशिवाय उघडा असतो, म्हणून पाणी वर आलं तरी पिसं भिजत नाहीत. चिखलातून पाय उपसताना बोटं मिटतात आणि पाऊल सरळ वर निघतं, बघत राहावं असं असतं ते. पण ह्याच पायांमुळे जमिनीवरचं काही उचलायचं तर त्याला पुढे खूप वाकावं लागतं. कोरड्या जमिनीवर चरताना बघा, शेपटी आकाशात जाते.

शांतपाणी
ताई, मी सगळं वाचत होते आणि मला एक विचारायचंय. तुम्ही तिथे होतात तेव्हा पक्षी ओरडत होते का? कसे वागत होते?

ओलीमाती
हो, खूप ओरडत होते. किक किक किक असं, टोचणारं, सारखं चालू. मी जरा पुढे गेले फोटोसाठी तर दोन-तीन उडून माझ्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागले, पाय मागे लटकलेले. आणि एक तर चिखलात पंख पसरून आडवा पडल्यासारखा झाला, मला वाटलं जखमी आहे. मी त्याच्याकडे गेले तर तो थोडा पुढे सरकला, परत पडला, असं तीन वेळा. मग उडून गेला. बरं वाटलं की उडाला.

शांतपाणी
ताई, तो जखमी नव्हता. जवळपास घरटं होतं किंवा लपलेली पिल्लं होती. तुम्हाला तिथून लांब न्यायला तो मोडक्या पंखाचं नाटक करत होता. तुम्ही त्याच्या मागे गेलात हे एका अर्थाने चांगलंच झालं, त्याला हवं तेच झालं. पण तुम्ही तिथे जितका वेळ थांबलात तितका वेळ अंड्यांवर कोणी बसलेलं नव्हतं, आणि हे मला मनापासून सांगायचंय, कारण मी अशी घरटी उन्हात गेलेली बघितली आहेत.
शेकाट्याचं घरटं म्हणजे चिखलाच्या उंचवट्यावर एक खळगा, त्यात थोड्या काड्या. बहुतेक वेळा ४ अंडी, मातकट रंगावर काळे डाग, तुम्ही दोन पावलांवर असाल तरी दिसत नाहीत. सावली कसलीच नाही. नर आणि मादी आळीपाळीने बसतात, २२ ते २६ दिवस. कडक ऊन असेल तर ते पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतात, म्हणजे अंडी थंड राहतात. टिटवीपण असंच करते. एकदा मी लांबून बघत बसले होते, दुपारी तासाभरात किती वेळा फेऱ्या झाल्या मोजता मोजता विसरले. अशा वेळी माणूस उभा राहिला की पक्षी घिरट्या घालत बसतो, फेऱ्या थांबतात आणि अंडी तापतात. वर कावळे आणि घारी बघत असतातच, कुठून पक्षी उठला ते त्यांना बरोबर कळतं.

ओलीमाती
बापरे. मला खरंच माहीत नव्हतं ताई. मी जवळजवळ वीस मिनिटं तिथे होते. पहाट होती, ऊन नव्हतं, एवढंच. आता मला चैन पडणार नाही. परत जाऊन बघू का की नको?

शांतपाणी
जा, पण कडेलाच थांबा, पाण्यात उतरू नका. बसून राहा, उभं राहू नका, माणूस बसला की त्यांना कमी भीती वाटते. पक्षी ओरडायला लागला की तुम्ही जास्त जवळ आहात असं समजायचं आणि मागे सरकायचं, तो गप्प होईपर्यंत. तो परत घरट्यावर येऊन पाय दुमडून बसला की अंतर बरोबर आहे. बसताना बघाच, ते लांब पाय मागे घडी होऊन अंगाच्या बाहेर राहतात. आणि कृपया नेमकी जागा इथे लिहू नका, फोटोतही मागची ओळखू येईल अशी खूण असेल तर कापून टाका. घरट्यांचे जवळून फोटो काढायला येणारे लोक एकदा का आले की येतच राहतात.

चिखलवाट
शांतपाणी ताईंशी शंभर टक्के सहमत. ओळख पटवायला जवळ जायची गरजच नसते या पक्ष्यासाठी. लांबून दुर्बिणीने पाय दिसले की काम झालं.

रानवेडा
ताई फोटोसाठी एक सुचवतो. बर्स्ट मोड लावून ठेवा, आणि पक्षी आपणहून उडाला तर सलग दहा-बारा फ्रेम मिळतात, त्यात एखादी तरी पंख खालून दिसणारी आणि एखादी शेपटी दिसणारी निघते. उडवायला जायचं नाही अर्थात. आणि आवाज रेकॉर्ड करा मोबाईलवर. रेडशँकचा आवाज ट्यू-हू-हू असा उतरता, गोड. शेकाट्याचा तुम्ही लिहिलात तसा कर्कश. मी पहिल्याच दिवशी आवाज विचारला असता तर एवढा वाद झाला नसता.

दुर्बीणवाला
वाद झाला म्हणून शेपटी आणि पंख निघाले रानवेडा, मला तर आनंद झाला.

ओलीमाती
आठ दिवसांनी आले. आज पहाटे गेले होते, कडेला गवतात बसले, पाणी बरंच कमी झालंय. सांगितलं तसं केलं. पहिली पाच मिनिटं ओरडले मग मी दहा पावलं मागे सरकले आणि शांत झाले सगळे.
एक मादी उंचवट्यावर बसलेली आहे! चॉकलेटी पाठ, पाय मागे घडी केलेले. अर्ध्या तासाने नर चालत आला, ती उठली, आणि तो बसला. बसण्याआधी त्याने चोचीने खाली काहीतरी फिरवलं, अंडीच असणार. ऊन वर यायच्या आत मी निघाले.
आणि तो तपकिरी! आज तो पंख पसरून आळस देत होता आणि मला पंखाची खालची बाजू अगदी स्वच्छ दिसली. काळपट. मागच्या कडेला बारीक पांढरी किनार, काका म्हणाले तशीच. पायाचा रंग मला मागच्यापेक्षा जरा जास्त गुलाबी वाटला, पण उजेड वेगळा होता म्हणून नक्की सांगत नाही. त्याच्याजवळ एक मोठा सतत उभा होता, पण भरवत मात्र नव्हता, पोर स्वतःच खात होतं. हे बरोबर आहे का?

शांतपाणी
अगदी बरोबर. शेकाट्याची पिल्लं अंड्यातून निघाली की पहिल्या दिवसापासून स्वतः खातात, आईबाप फक्त राखण करतात आणि गारठ्यात पंखाखाली घेतात. महिनाभरात उडायला लागतात. तुमचं पोर नुकतंच उडायला शिकलेलं असणार, म्हणून अजून सोडलेलं नाही. बसलेली मादी ही दुसरी जोडी असेल, हे पक्षी सैल वस्ती करून राहतात आणि सगळ्यांचं वेळापत्रक एक नसतं. तुम्ही मागे सरकलात हे वाचून फार बरं वाटलं.

गवतफूल
ओलीमाती ताई, फोटो टाका ना आळस देतानाचा, मला पंखाची खालची बाजू बघायचीये.

ओलीमाती
टाकते, मागची झाडं कापून टाकते आधी. आणि अजून एक. त्याच कडेला एक छोटासा, चिमणीपेक्षा मोठा, वरून तपकिरी खालून पांढरा, एकटाच दगडावरून दगडावर जात होता. हापण पोर आहे का कुणाचं?

चिखलवाट
शेपटी वरखाली करत होता का?

ओलीमाती
सारखी. एक क्षण थांबला नाही.

चिखलवाट
आणि छातीच्या बाजूला, पंखाच्या पुढे पांढरं वर घुसलेलं?

ओलीमाती
थांबा फोटो बघते... हो! खांद्यापाशी पांढरी पाचर आहे.

चिखलवाट
तुतवार. पोर नाही, पूर्ण वाढलेला, तो असतोच एवढा.